चरग्यापुरती भाजी

बसवंत आमच्या गेटच्या आत आला की आधी चप्पल काढायचा. आत म्हणजे काही घर नव्हे. पूर्वी माझी स्कूटर जिथे उभी असायची ती फरशी. दर शनिवारी सकाळी तिथे तो भाजीचे क्रेट मांडायचा आणि मल्लेश्वरमच्या आमच्या आसपासच्या गल्ल्यांतली माणसं पिशव्या घेऊन यायची. "चप्पल कशाला काढतोस, फरशी गार आहे," असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाला, "भाजीपुढं चप्पल घालून हुबं ऱ्हायची सवय न्हाई ओ अण्णा. शेतात तरी कुटं घालतोय."

गेल्या कार्तिकात काही शनिवार त्याने चप्पल काढली नाही. माझ्या बायकोच्या, रूपश्रीच्या, ते लक्षात आलं. तिने विचारलं तर "थंडी हाय अक्का" म्हणाला. बंगळुरात त्या दिवसांत थंडी असतेच, म्हणून आम्ही विषय सोडून दिला. खरी गोष्ट अशी होती की त्या शनिवारी क्रेटमध्ये असलेली बरीचशी भाजी त्याच्या शेतातली नव्हती. ती यशवंतपूरच्या घाऊक बाजारातली होती. आणि आम्ही ती रासायनिक खत न घातलेली, औषध न मारलेली, बसवंतच्या हातची म्हणून खात होतो.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण एवढ्यावरून बसवंतला लबाड समजू नये. लबाड माणूस चप्पल काढायची की ठेवायची याचा विचार करत नाही.

तो मूळचा निपाणीकडचा. त्यांच्याकडची माणसं कानडीत भांडतात आणि मराठीत समजूत घालतात, असं तो सांगतो. त्याच्या बायकोच्या, अंबूबाईंच्या मते हे बरोबर उलट आहे. तरुणपणी तो यशवंतपूरला पंपाचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात लेथवर लागला. पुढे मालकाने कारखाना बंद करून जागा बिल्डरला दिली. गावाकडची जमीन भावांनी कसायला घेतली होती, तिथे परत जाऊन वाटणी मागायची त्याला लाज वाटली. मग हेसरघट्टाच्या पलीकडे एका कानडी मालकाची दीड एकर जमीन त्याने खंडाने घेतली. बांधावर मालकाचे दोन माड आणि एक जुना कडीपत्ता. बाकी सगळं याने उभं केलं.

आम्ही चार पिढ्यांचे बंगळूरकर. आजोबांचं इथल्याच शिवाजीनगरला कापडाचं दुकान होतं. आमची मराठी म्हणजे अर्धी कानडी, हे बाहेरचं माणूस भेटल्याशिवाय आम्हाला कळत नाही. बसवंतशी पहिल्यांदा फोनवर बोलताना तो काय काय लावणार ते सांगत होता आणि मी "सरी, सरी" म्हणत होतो, म्हणजे ठीक आहे, ठीक आहे. तो जरा थांबला आणि म्हणाला, "सरी पाडल्याती ओ. पानी बी सोडलंय." त्यांच्या शेतकरी मराठीत सरी म्हणजे दोन वरंब्यांमधली पाण्याची वाट. तो बंगळुरात इतकी वर्षं काढलेला माणूस, त्याला माझी सरी कळली नसेल असं मला वाटत नाही. पण ही थट्टा आमच्यात टिकली. मी काहीही बोललो की तो "सरी पाडली अण्णा" म्हणायचा.

त्याच्या शेताचं वर्ष आम्हाला क्रेटमध्ये दिसायचं. चैत्र-वैशाखात बोअरचं पाणी खाली जायचं. मग काकडी, थोडा राजगिरा, बांधावरचा कडीपत्ता, बस. आंब्याच्या दिवसांतल्या एक-दोन सरी पडून गेल्या की तो गादीवाफे करायचा. आषाढात वारा आणि भुरभुर, त्यात भेंडी, गवार, दोडका. श्रावणात पालेभाज्यांचा असा सुकाळ की रूपश्री शेजारणींना मेथी वाटत फिरायची. भाद्रपदापासून टोमॅटो, तेही पावसाने तडकलेले. आणि मार्गशीर्ष उजाडला की वांगी, कोबी, नवलकोल, मुळे आणि अवरेकाई, म्हणजे इकडचा वाल. त्या शेंगांच्या वासाने हाताला आठवडाभर साबण पुरत नाही. आमच्या घरात पूर्वी बाराही महिने तीच भाजी व्हायची. बसवंत आल्यापासून रूपश्री महिना बघून स्वयंपाक करायला लागली.

नव्या माणसांना हे शिकवावं लागे. समोरच्या इमारतीत मनस्विनी नावाची मुलगी राहते. पुण्याची, नवरा-बायको दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, लहान मुलगी आहे. पहिल्याच शनिवारी तिने विचारलं, "कॅरट्स नेक्स्ट वीक येतील का?"

"गाजराला इचारून सांगतो अक्का," बसवंत म्हणाला.

पानाला भोकं का, हाही नव्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर मी द्यायचो. आयुष्य हिशेबात गेलेलं, त्यामुळे मला तीच भाषा येते. "भोक म्हणजे पावती," मी सांगायचो. "अळीने खाल्लंय, म्हणजे आपण खायला हरकत नाही." माणसं हसायची आणि भोकं असलेली गड्डी उचलायची. पुढे पुढे तर बिनभोकाची मागे राहायला लागली.

आता ती अमावास्या. मार्गशीर्षातल्या अमावास्येला त्यांच्या भागात एळ अमावास्या म्हणतात. शेत भरात असतं, भुई गरोदर आहे असं मानतात आणि गरोदर बाईचं डोहाळजेवण करावं तसं भुईला जेवू घालतात. बाजरीच्या भाकरी, भरली वांगी, मिसळीची पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी, पुरणाचे कडबू, दहीभात. सगळ्यातलं थोडं थोडं एका बुट्टीत, म्हणजे टोपलीत, कालवायचं. त्याला चरगा म्हणतात. घरधनी बुट्टी घेऊन शेताच्या कडेकडेने हाळी देत फिरतो आणि मूठमूठ चरगा शिंपतो. मागून बायको पाण्याचा तांब्या घेऊन चालते. मग सगळ्यांनी तिथेच बसून जेवायचं. नियम एकच. पीठ, गूळ, दही कुठूनही आणा, पण चरग्यातली भाजी त्याच भुईतली हवी. "तिचं तिलाच द्याचं," अंबूबाई सांगतात.

दरवर्षी बसवंत आम्हा सगळ्यांना या जेवणाला बोलवायचा. ऑफिसात मी रजा क्वचितच घेतो, पण या अमावास्येची माझी रजा ठरलेली असे.

गेल्या वर्षी आश्विन संपता संपता बंगालच्या उपसागरात वादळ झालं आणि आमच्याकडे आठवडाभर पाऊस लागला. बसवंतची जमीन जुन्या तलावाच्या उताराला आहे. पाणी उतरून तिथेच येऊन बसलं. कोबी गड्डे धरत होता तो जागेवर कुजला. वांग्याची मुळं गेली. नुकतं पेरलेलं बी कुठे वाहून गेलं पत्ता नाही. पाणी ओसरल्यावर सरी कुठली आणि वरंबा कुठला हे कळेना, असं अंबूबाई म्हणाल्या. पुढचं जे मी सांगणार आहे तेही बरंचसं त्यांनीच नंतर सांगितलं, आणि थोडं बसवंतने.

त्याने आम्हाला सरळ सांगायला हवं होतं. पाऊस आम्हीही पाहिला होता. पण त्याच्याआधीच्या वैशाखात एक गोष्ट घडली होती. भाजी नाही असा निरोप त्याने लागोपाठ दोन शनिवार पाठवला आणि तिसऱ्या शनिवारी आला तेव्हा आमच्या गल्लीतले एक गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, "बसवंत, हे शेत आहे की हौस? आम्ही दुसरी सोय बघायची का?" माणसं हसली. तोही हसला. पण त्यानंतर काही घरं खरंच गेली. दुकानातल्या, हिरवं लेबल लावलेल्या पाकिटांकडे गेली. पाकिटं बारा महिने भरलेली असतात.

तेव्हा पाऊस थांबल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी रिकामे क्रेट घेऊन यायची त्याला लाज वाटली. त्या एका लाजेसाठी त्याने दुसरी मोठी लाज घरात घेतली. यशवंतपूरच्या बाजारात गेला. वाटलं, एवढा एकच आठवडा.

बाजारात त्याला ओळखणारा भेटलाच. संतोषकुमार, कारखान्यात त्याच्या शेजारच्या मशीनवर होता, आता एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर बिलं लिहितो. "काय शेतकरी, इकडे कुठे? विकायला आलास की घ्यायला?"

"पावण्यांच्यात लग्न हाय," बसवंत म्हणाला.

पुढच्या आठवड्यात पुन्हा गाठ पडली. "आज काय?"

"बारसं."

"लग्न गेल्या आठवड्यात आणि बारसं या आठवड्यात," संतोषकुमार म्हणाला. "तुमचे पाहुणे घाईचे दिसतात."

गाळ्यावरची माणसं हसली. बसवंत खाली बसून कोबी निवडत होता. आणि निवडत काय होता, तर किडके. ज्यांच्या पानांना भोकं आहेत ते. संतोषकुमारने ते पाहिलं आणि तो जरा गंभीर झाला. "अरे, सगळे किडके बाजूला टाकतात, तू तेच घेतोयस. लग्नात किडका कोबी घालणार?"

"म्हशीला हाय," बसवंत म्हणाला. त्याच्याकडे म्हैस नाही.

तो कोबी आमच्या गेटमध्ये आला. मी त्यातला एक उचलून मनस्विनीला दाखवला. "हे बघा," मी म्हटलं, "पावती." बसवंत शेजारीच पिशवीची गाठ मारत होता. गाठ बसली तरी तो ती मारतच राहिला. हे मला आज आठवतं. त्या दिवशी मला फक्त कोबी दिसला. रात्री जेवताना मी रूपश्रीला म्हणालो, "बसवंतच्या मातीची चवच वेगळी. बाजारच्या कोबीला हे येतच नाही." तिने वाढलं.

अमावास्या जवळ आली. ती रविवारी येत होती, त्यामुळे कधी नव्हे ते सगळेच यायला तयार झाले. मनस्विनी म्हणाली, "बसवंत, माझे आईबाबा पुण्याहून येतायत, त्यांना पण आणते. आईला मी तुमच्या भरल्या वांग्यांचं इतकं सांगितलंय."

"या की," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? जेवण नाही म्हटलं तर का नाही ते सांगावं लागलं असतं.

शनिवारी त्याने आम्हाला वांगी दिली, बाजारातलीच, आणि त्यातली चांगली बघून रविवारसाठी घरी नेली. दिवेलागणीला अंबूबाईंनी ती पाहिली. बाजाराचं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. एकदा "लवकर थांबवा" म्हणाल्या होत्या, त्यापुढे बोलल्या नव्हत्या.

"ही कशाला ठेवलीसा?"

"उद्या भराय. मानसं येनार हाईत न्हवं."

"आनि चरग्यात काय?"

त्याने एक वांगं उचलून देठाशी पुसलं. मग म्हणाला, "ह्यातलंच घालू. मूठभर तर लागतंय."

"मी न्हाई रांदनार."

"आंबू, मानसं काय म्हनतील?"

"मानसास्नी दोन म्हैनं घातलासा, तवा ती काय म्हनतील असं वाटलं न्हाई."

"त्यास्नी चाललं," बसवंत म्हणाला. म्हणताना आपण काय बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण पुढचं वाक्य त्याने गिळलं.

"त्यास्नी ठावं न्हाई म्हनून चाललं," अंबूबाई म्हणाल्या. "भुईला ठावं हाय."

त्यांनी वांगी उचलली आणि जमीनमालकाच्या गाईपुढे नेऊन टाकली. बसवंतने अडवलं नाही. उजाडता उजाडता त्या शेतात फिरल्या. जे कुणी पेरलं नव्हतं ते पाण्यातून वर आलं होतं. तांदुळजा, घोळ, चंदनबटवा, भोपळ्याचे चार शेंडे. इकडे या मिसळीच्या पाल्याला बेरके सोप्पु म्हणतात. कुंपणावर उंच चढलेल्या वालाला पाणी लागलं नव्हतं, त्याच्या शेंगा मिळाल्या. एवढंच त्या भुईचं होतं.

आम्ही दहाच्या सुमाराला पोचलो. मनस्विनी उतरल्या उतरल्या म्हणाली, "किती ग्रीन आहे ना इथे." हिरवं होतं, पण ते गवत होतं. वाफे नव्याने केलेले, त्यांत बोटभर रोपं. जिथे दरवर्षी कोबीच्या रांगा असत तिथे काळी, भेगाळलेली माती. माझ्या कामात आवक नसताना जावक दिसली की माणूस चष्मा पुसतो. मी काय म्हणालो? "छान हवा आहे," म्हणालो.

बसवंत बुट्टी घेऊन निघाला. एरवी त्याची हाळी रस्त्यापर्यंत ऐकू येते आणि मुलं त्याच्यामागून ओरडत पळतात. या वेळी तो मुकाट्याने चालला. मुठी टाकत होता, पण पेरल्यासारख्या नव्हे, कुणाच्या पुढ्यात ठेवाव्यात तशा, वाकून. मागून अंबूबाई पाणी शिंपत होत्या. मनस्विनीचे वडील मला म्हणाले, "शांत, गंभीर विधी आहे." मी मान हलवली.

पानं मांडली. भाकरी आली, चटणी आली, पालेभाजी, वालाची उसळ, कडबू, दहीभात. सगळ्यांना वाढून झालं तरी मनस्विनी वाट बघत होती. शेवटी म्हणाली, "बसवंत, भरली वांगी कुठायत? मी आईला त्यासाठी तर आणलंय."

बसवंतच्या हातात पाण्याचा जग होता. "संपली" एवढा एक शब्द पुरला असता. आम्ही कुणी पुढे विचारलं नसतं.

"न्हाईत अक्का."

"अहो पण काल तर बॅगमध्ये होती."

अंबूबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि मग पाहायचंही थांबवलं.

"ती हितली न्हवती," बसवंत म्हणाला. "बाजारातली हुती. भुईला इकतचं चालत न्हाई."

मनस्विनीला ते समजायला एक क्षण लागला. आवाज न चढवता ती म्हणाली, "आणि आम्हाला चाललं?"

तो जग धरून उभा होता, जग वाकडा झाला होता आणि पाणी त्याच्या पायावर सांडत होतं. त्याच्या पायात चप्पल नव्हती. शेतात तो घालत नाही. मग पाण्याकडेच बघत त्याने सगळं सांगितलं. पाऊस, वांगी, टोमॅटो, बाजार, किती शनिवार. मध्ये बोललो तो मीच, आणि तेही काय, तर, "कोबीपण?"

"कोबी तर पैल्यापास्नं अण्णा."

"ती भोकं?"

"बगून, निवडून घेतलेली. तुमास्नी आवडतात म्हनून."

रूपश्री माझ्या शेजारीच बसली होती. अगदी हळू, फक्त मला ऐकू जाईल असं, ती म्हणाली, "मातीची चव." मी पानातल्या भाकरीकडे बघत राहिलो. ती मोडायला हात होईना.

कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. वैशाखात 'हौस' म्हणालेले गृहस्थही पानावर होते. ते भराभर जेवून हात धुवायला उठले, त्यांच्यामागून आणखी एक-दोन जण. मनस्विनी पान तसंच ठेवून बसली. "मी माझ्या मुलीला देत होते ती भाजी," ती म्हणाली. "वेगळी शिजवून. तुमची आहे म्हणून." बसवंतने मान खाली घातली ती वर केलीच नाही. "सांगितलं असतं तर आम्ही थांबलो असतो, बसवंत."

तिच्या वडिलांना काय चाललंय हे नीटसं कळलेलं नव्हतं. त्यांनी पान पुढे सरकवलं आणि विचारलं, "ही पालेभाजी कसली हो? आणखी आहे का?"

"आपसूक उगवलेली हाय काका," अंबूबाई म्हणाल्या. "कुनी लावलेली न्हाई." त्यांनी वाढली. सगळ्या जेवणात त्यांनी तेवढ्या वेळीच डोळ्यांना पदर लावला.

परत येताना गाडीत आम्ही दोघंच होतो. यशवंतपूरचा पूल येईपर्यंत रूपश्री खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अहो, थांबलो असतो का आपण?"

मला त्या गृहस्थांचं "हौस" आठवलं आणि त्यावर हसलेली माणसं आठवली. मी तिथेच, फरशीवर होतो. हसलो होतो की नाही, ते आठवेना. आठवेना याचाच अर्थ हसलो असणार. सिग्नल लागला होता, मी तिकडे लक्ष दिलं.

पुढच्या शनिवारी बसवंत येईल असं मला वाटलं नव्हतं. तो आला. लगेज ऑटोऐवजी आपल्या मोपेडवर, मागे एकच क्रेट, त्यात तांदुळजाच्या थोड्या जुड्या. गेटच्या आत आला नाही. बाहेर रस्त्यावर, चप्पल घालून उभा राहिला. "आत ये," मी म्हटलं. "बरं हाय हितं," म्हणाला. जो येईल त्याला आधी तो सांगायचा, "मी बाजारची भाजी दिली हुती तुमास्नी. हा पाला शेतातला हाय. घ्या म्हनत न्हाई." सांगताना नजर जुडीवर. काही जणांनी घेतला, काहींनी ऐकून घेतलं आणि निघून गेले. एकाने त्याच्यादेखत पान उलटंपालटं करून भोकं शोधली आणि मग मान हलवून ठेवून दिलं. आता भोकालाही किंमत राहिली नव्हती. ते माझ्याच शिकवणीचं फळ होतं, म्हणून मी घरात आलो.

माघात मुळे आले, फाल्गुनात थोडे टोमॅटो. माणसंही थोडी थोडी परत आली, सगळी नाहीत. तो अजून बाहेरच उभा राहतो. निरोप पाठवणंही त्याने बंद केलं आहे. भाजी नसली तर तेवढं सांगायला हेसरघट्टावरून स्वतः येतो. "एवढं लांब कशाला येतोस, फोन कर," मी म्हटलं, तर म्हणाला, "फोनवर सोपं जातंय ओ."

परवाच्या शनिवारी असाच आला. वैशाख लागला आहे, बोअर तासभर चालून हवा ओकायला लागते. क्रेट नव्हताच. मी आणि रूपश्री गेटपाशी होतो. तेवढ्यात समोरून मनस्विनी आली आणि गेटच्या आत आमच्याजवळ येऊन उभी राहिली, हातात घडी केलेली पिशवी. एळ अमावास्येनंतर ती पहिल्यांदाच येत होती. बसवंतने तिला पाहिलं आणि मोपेडच्या हँडलवर ठेवलेला हात काढून घेतला, जणू तो तिथे असायला नको होता.

"काय आहे आज?" तिने विचारलं.

"काय न्हाई अक्का. शेतात नुसत्या सऱ्या हाईत."

"सरी," ती म्हणाली. एवढं कानडी तिला आता येतं. एरवी बसवंतने यावर काहीतरी ऐकवलं असतं. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. ती वळली नाही. पिशवीची घडी उलगडत, मिटत उभी राहिली.

रूपश्रीलाच हँडलला लटकवलेली जुडी दिसली. "आणि तो कडीपत्ता?"

"तो माजा न्हाई," बसवंत घाईने म्हणाला. "मालकाच्या झाडाचा हाय. त्यांनी दिला, घरला न्यायला."

"औषध मारतात त्यावर?" मनस्विनीने विचारलं.

तो विचार करत राहिला. सोपं उत्तर तोंडाशी आलेलं दिसत होतं आणि तो ते परतवत होता. "मारत न्हाईत बहुतेक," शेवटी म्हणाला. "पन मी दिवसभर तितं नसतोय. बगितल्याशिवाय कसं सांगू?"

मनस्विनीने पिशवी उघडून पुढे धरली. "द्या मग."

गेट उघडंच होतं. बसवंतने जुडी सोडवली, अर्धी केली आणि गेटच्या बाहेरूनच हात लांब करून तिच्या पिशवीत टाकली. चप्पल पायातच होती.